फ्लिपबुकचं काम देण्याआधी: फोटो, आवाज आणि बटणांविषयी थोडं

होमस्टे, आंबा-काजूची विक्री, शाळेचं वार्षिक, देवस्थानचा जत्रेचा अंक अशा कामांसाठी तुम्ही आमच्याकडे फ्लिपबुक करायला देता. मोबाईलवर पान उलटणारं पुस्तक आता सगळ्यांनी पाहिलेलं आहे, ते काय असतं हे सांगायची गरज उरलेली नाही. पण काम हातात घेतलं की जवळजवळ प्रत्येकाचा आठवडाभर एकाच ठिकाणी वाया जातो. म्हणून हे पत्रक.

ते ठिकाण म्हणजे फोटो. तुम्ही ते व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवता आणि व्हॉट्सॲप वाटेतच ते लहान करतं. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके. आमच्याकडे पोचतो तो साधारण १६०० बाय १२००, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. छोट्या पडद्यावर फरक कळत नाही, म्हणून तुम्ही म्हणता, "माझ्या मोबाईलवर तर छान दिसतोय!" पण फ्लिपबुकात पाहुणा दोन बोटांनी फोटो मोठा करतो, तिथे तो उघडा पडतो.

देवबागच्या एका होमस्टेसाठी आम्ही ताटाचं पान केलं होतं. तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, वाटीत सोलकढी. आलेला फोटो मोठा केला तर सुरमईवर नुसता तपकिरी धूर आणि सोलकढीचा गुलाबी रंग चौकोनाचौकोनांत फुटलेला. काकूंनी तोच फोटो मूळ स्वरूपात पाठवला तेव्हा तुकडीवरचा रव्याचा कण न् कण दिसला, सोलकढीवर तरंगणारी कोथिंबीरसुद्धा. मात्र मागणं, शोधणं, पुन्हा पान लावणं यात नऊ दिवस गेले आणि दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग हुकलं. आम्हाला त्याचं आजही वाईट वाटतं.

उपाय सोपा आहे. व्हॉट्सॲपमध्ये कागदाच्या पिनेच्या (आयफोनवर '+') खुणेवर जाऊन 'गॅलरी' ऐवजी 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून फोटो पाठवा. तो जसाच्या तसा येतो. 'एचडी' निवडलं तरी फोटो थोडा दाबला जातोच, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका. पन्नास-साठ फोटो असतील तर सरळ पेन ड्राइव्ह घेऊन मालवणला या, आम्ही समोर उतरवून घेतो.

यावर हमखास येणारा प्रश्न असा: "शेवटी तुम्ही पण फोटो लहानच करता ना?" करतो. एक पान आम्ही ३०० केबीच्या आसपास ठेवतो, कारण तुमचा पाहुणा ते पुस्तक आंबोली घाटात, एक काडी नेटवर्कवर उघडतो. २४ पानांचं पुस्तक त्यामुळे सात-आठ एमबीत बसतं. पण आधी मूळ फोटो कापून, रंग नीट करून मग एकदाच लहान करणं वेगळं आणि आधीच दाबलेला पुन्हा दाबणं वेगळं. आंब्याच्या रसाचं साठ (वाळवलेली पोळी) घालता येतं, साठाचा परत रस होत नाही.

आवाजालाही हेच लागू. माइकचं बटण दाबून पाठवलेला व्हॉइस मेसेज नको. मोबाईलच्या रेकॉर्डरवर बोला आणि ती फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पंखा बंद करा. सगळ्यात चांगली जागा म्हणजे काचा वर केलेली उभी गाडी, आत आवाज घुमत नाही. किनाऱ्यावर उभं राहून बोलू नका. वाऱ्याचा माइकवर नुसता फरफराट येतो आणि लाटांचा आवाज मोबाईलवर पंख्यासारखा ऐकू येतो. त्यापेक्षा खाडीतल्या वल्ह्याचा, पाट्यावर वाटणाचा, जत्रेतल्या ढोलांचा आवाज लगेच ओळखू येतो. घरधनिणीने मालवणीत म्हटलेलं "येवा, बसा" आम्हाला कुठल्याही तयार संगीतापेक्षा मोलाचं वाटतं. अर्धा मिनिट पुरे. सिनेमाची गाणी आम्ही लावत नाही, त्याला हक्कधारकाची परवानगी लागते.

"पुस्तक उघडल्याबरोबर आवाज का सुरू होत नाही?" असंही पुष्कळ जण विचारतात. ही आमच्या कामातली चूक नाही. क्रोमने २०१८ पासून वाचकाने पडद्याला हात लावल्याशिवाय आवाज सुरू करणं बंद केलं आहे, आयफोनवरही तेच. म्हणून आम्ही पानावर स्पीकरची ठळक खूण ठेवतो. ज्याला ऐकायचं आहे तो दाबतो, आणि एसटीत बसलेल्याची पंचाईत होत नाही.

व्हिडिओ दहा-पंधरा सेकंदांचा, पुस्तकात एक किंवा दोन. प्रत्येक पानावर हलतं काही हवं असा आग्रह धरू नका. वाचकाची नजर दरावर आणि फोन नंबरवर टिकली पाहिजे.

बटणांवर मात्र आम्ही मनापासून वेळ घालवतो, कारण बुकिंग तिथूनच येतं. खोलीचा फोटो आणि 'फोन करा' हे एकाच पानावर हवं. शेवटच्या पानापर्यंत कोणी जात नाही. बटण अंगठ्याला सापडेल एवढं, निदान नऊ मिलिमीटरचं ठेवतो. व्हॉट्सॲपच्या बटणात "दोन दिवसांसाठी खोली हवी आहे" हा मजकूर आधीच भरून देतो, पाहुण्याला फक्त तारीख लिहायची. नकाशासाठी पत्ता पाठवू नका. "पिंपळाकडून खाली" हे आपल्याला कळतं, नकाशाला नाही. तुमच्या बेड्यासमोर, म्हणजे फाटकासमोर, उभे राहा आणि तिथून लोकेशन पाठवा.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर टाइप होतं तशा मराठीत, द्या. जुन्या डीटीपी फाँटमधला मराठी मजकूर दिसतो नीट, पण त्यात शोधता येत नाही. आणि कोणाचं फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरमधलं पुस्तक उघडत नसेल तर ते दुरुस्त होणार नाही. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. मूळ पीडीएफ असेल तर नव्याने करून देतो.

दोन वेळा दुरुस्ती आमच्या दरातच धरलेली आहे. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताटाचं पान बदलून हवं असेल तर सांगा. लिंक आणि दाराला चिकटवलेला क्यूआर कोड तोच राहतो. मूळ फाइली आमच्याकडे जपून ठेवलेल्या असल्या की हे एका दुपारचं काम आहे. मे महिन्याच्या सुट्टीसाठी पुस्तक हवं असेल तर फोटो आणि आवाज फेब्रुवारीअखेर आमच्याकडे पोचवा.