घेवडा शेजारच्या मक्याला खत पुरवतो का?

उत्तर अमेरिकेतल्या होदेनोशोनी लोकांची मका, घेवडा आणि भोपळा ही ‘तीन बहिणीं’ची लागवड प्रसिद्ध आहे. तिच्याबद्दल सर्रास सांगतात की घेवडा त्याच हंगामात शेजारच्या मक्याला नत्र पुरवतो. तसं फारसं होत नाही. मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात हे खरं, पण तो आधी घेवड्याच्याच वाढीला लागतो आणि बराचसा दाण्यांत जातो. उरलेला मिळतो मुळं-पाला कुजल्यावर, म्हणजे पुढच्या पिकाला. आपल्याकडे शेतकरी हरभऱ्याचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम, चांगला म्हणतात, ते यामुळेच.

सामुदायिक बागेत हा समज महागात पडतो. मक्याला खत द्यायचं राहतं, पानं पिवळी पडतात आणि दोष जातो पारंपरिक पद्धतीला. हे मला फार लागतं, कारण तिची खरी करामत वेगळीच आहे. मातीच्या उंचवट्यावर आधी मका, तो वीतभर झाला की घेवडा, मग भोपळा. मका वेलाला आधार देतो. भोपळ्याची रुंद पानं तण दाबतात, ओल धरून ठेवतात. आणि मक्यात कमी पडणारं लायसिन, म्हणजे प्रथिनांतला एक आवश्यक घटक, जेवणात घेवडा भरून काढतो.