विधानसभा-लोकसभा उमेदवाराचा खर्चाचा हिशेब : मर्यादा, कागदपत्रे आणि ३० दिवसांची मुदत

खर्चाची कमाल मर्यादा सगळ्यांना पाठ असते. जानेवारी २०२२ मध्ये वाढवलेल्या मर्यादेनुसार महाराष्ट्रात लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये. पण उमेदवार बहुतेकदा अडकतात ते हिशेब न दिल्यामुळे किंवा अर्धवट दिल्यामुळे. हरलेला, बिनविरोध आलेला, एक रुपयाही खर्च न केलेला, हिशेब सगळ्यांनाच द्यावा लागतो.

पहिले काम बँकेचे. उमेदवारी अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी फक्त निवडणूक खर्चासाठी नवे खाते उघडा. जुने खाते चालत नाही. खाते स्वतःच्या किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत संयुक्त नावाने असावे. पत्नी किंवा भाऊ प्रतिनिधी नसेल तर त्यांचे नाव त्यात नको. खाते क्रमांक अर्ज भरताना निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी कळवायचा. स्वतःचे पैसेही आधी या खात्यात भरायचे आणि मगच खर्च करायचे.

रोखीची मर्यादा १०,००० रुपये, आणि ती दिवसाची नसून संपूर्ण निवडणूक काळातली, एका व्यक्ती किंवा संस्थेमागे आहे. मंडपवाल्याला आज ६,००० आणि चार दिवसांनी ५,००० रोख दिले की मर्यादा ओलांडली. रोख देणगी किंवा कर्ज घेतानाही हीच मर्यादा. त्यापुढे धनादेश किंवा ऑनलाइन व्यवहार. पक्षाचा नियम वेगळा आहे: एका देणगीदाराकडून वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा जास्त आले तर पक्षाला ते निवडणूक आयोगाकडे जाहीर करावे लागते. उमेदवाराने तो आकडा स्वतःला लावून घेऊ नये.

नोंदवही तीन रंगांची असते: दैनंदिन खर्च पांढऱ्या पानांवर, रोख गुलाबी, बँक पिवळ्या. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा, दोन्ही दिवस धरून, सगळा खर्च तिच्यात येतो. झेंडे-टोप्या महिनाभर आधी घेतल्या पण प्रचारात वापरल्या, तर तोही खर्च धरला जातो. कार्यकर्त्याने फुकट दिलेली गाडीही जिल्ह्याच्या दरसूचीप्रमाणे मोजली जाते. स्टार प्रचारकाचा प्रवास पक्षाच्या खात्यात जातो. मात्र उमेदवार त्याच व्यासपीठावर बसला की सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्या नावावर चढतो.

प्रचारकाळात खर्च निरीक्षकांसमोर किमान तीनदा वही तपासून घ्यावी लागते. त्यांच्याकडे चित्रीकरणावरून तयार केलेली छाया नोंदवही असते. तिच्यात दोनशे खुर्च्या आणि तुमच्याकडे ऐंशी असतील तर नोटीस येते. आकडा पटत नसेल तर कारण तिथेच लेखी द्या.

निकालानंतर ३० दिवसांच्या आत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे मूळ नोंदवही, गोषवारा, शपथपत्र, बँक विवरण आणि अनुक्रमांक घातलेली बिले सादर करायची. टपाल किंवा रेल्वे प्रवासासारख्या खर्चाची पावती मिळणे व्यवहार्य नसेल तर ती नसली तरी चालते, इतर खर्चांना ही सवलत नाही. त्याआधी होणारी लेखा ताळमेळ बैठक चुकवू नका. तफावत दुरुस्त करण्याची खरी संधी तीच. हिशेब दिल्यावर पोच घ्या आणि नीट सांभाळा.

हिशेब दिलाच नाही किंवा कायद्यात सांगितल्याप्रमाणे दिला नाही, आणि आयोगाला कारण पटले नाही, तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १०अ खाली तीन वर्षांची अपात्रता येते. नोटीस आली तर उत्तरासाठी २० दिवस मिळतात.