लेक्शिओ दिव्हिना

कॅथलिक परंपरेतील प्रार्थनामय बायबलवाचनाची एक पद्धत; या लॅटिन नावाचा अर्थ ‘दैवी वाचन’. बायबलमधील छोटा उतारा सावकाश व पुनःपुन्हा वाचावा, त्यावर मनन करावे, मनात जे उमटेल ते प्रार्थनेत देवापुढे मांडावे आणि अखेर शब्द थांबवून त्याच्या सान्निध्यात स्वस्थ राहावे, असा तिचा क्रम सांगितला जातो. वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान या चार पायऱ्या अनेक उपासना-पुस्तिकांत ख्रिस्तसभेच्या आरंभापासून चालत आल्यासारख्या दिलेल्या असतात. प्रथा खरोखरच जुनी आहे. पायऱ्यांची ही ठरीव मांडणी मात्र बाराव्या शतकाच्या मागे नेता येत नाही.

उगम : शास्त्रवचन ओठांवर घोळवत राहण्याची रीत ज्यू परंपरेत होतीच. पहिल्या स्तोत्रात परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करणारा जो धन्य पुरुष आहे, त्याचे मनन मूक नसून पुटपुटण्याचे आहे. ख्रिस्ती लेखकांपैकी ऑरिजेन (सु. १८५–सु. २५४) याने ग्रेगरी नावाच्या शिष्याला लिहिलेल्या पत्राकडे या संदर्भात नेहमी बोट दाखवले जाते. दैवी वाचनात लक्ष घाल, शोध आणि ठोठाव. पण समजण्यासाठी सर्वांत आवश्यक आहे ती प्रार्थना, असे तो लिहितो. हा ग्रेगरी म्हणजे पुढे ‘चमत्कारकर्ता’ म्हणून ख्यातनाम झालेला बिशपच, असे परंपरा मानते; काही अभ्यासकांनी त्याबद्दल शंका घेतली आहे. पत्रातील भर भाष्यकाराच्या अभ्यासावर आहे. त्यामुळे ऑरिजेनला या पद्धतीचा जनक म्हणण्यापेक्षा तिच्यामागील वृत्तीचा पहिला ठळक साक्षीदार म्हणणे अधिक सुरक्षित.

पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन कॅसियन या मठवासी लेखकाने ईजिप्तमधील तपस्व्यांची शिकवण लॅटिन वाचकांपर्यंत आणली. वचनाचे शब्दार्थ, रूपकार्थ, नैतिक अर्थ व पारलौकिक अर्थ हे चार स्तर त्याने स्पष्ट केले. ‘हे देवा, माझ्या साहाय्यास ये’ ही एकच ओळ सुखात, दुःखात, मोहात अखंड म्हणत राहावी, असा सल्लाही त्याचाच.

मठांच्या दिनक्रमात या वाचनाला पक्की जागा मिळाली ती सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या ‘नियम’ या मठजीवनाच्या नियमावलीमुळे. आळस हा आत्म्याचा शत्रू, म्हणून बंधूंनी ठरलेल्या वेळी अंगमेहनत आणि ठरलेल्या वेळी दैवी वाचन करावे, अशी त्याच्या ४८व्या अध्यायाची सुरुवात आहे. ईस्टरपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चौथ्या प्रहरापासून सहाव्यापर्यंत वाचन (येथे प्रहर म्हणजे दिवसाचा बारावा भाग), हिवाळ्यात सकाळी दुसऱ्या प्रहराअखेरपर्यंत, ईस्टरपूर्व उपवासकाळात तिसऱ्यापर्यंत. उपवासकाळात प्रत्येकाला एक ग्रंथ मिळे व तो सुरुवातीपासून क्रमाने वाचायचा असे. एक-दोन ज्येष्ठ बंधू मठात फेरी मारून कोणी गप्पा ठोकत किंवा पेंगत बसले नाही ना, हे पाहत. दुपारच्या विश्रांतीत ज्याला वाचायचे असेल त्याने दुसऱ्याला त्रास होणार नाही असे वाचावे, अशीही सूचना आहे. एकट्याचे वाचनही बहुधा ओठ हलवतच होत असावे, हे त्यावरून कळते. बहुतेक अभ्यासक बेनेडिक्टच्या आधीचा मानतात तो अनामिक ‘गुरूचा नियम’ही वाचनासाठी वेळ राखून ठेवतो. म्हणजे बेनेडिक्टने प्रथा निर्माण केली नाही, तिला शिस्त लावली. त्याच्या शब्दांत पायऱ्या नाहीत. तो प्रार्थनेची पद्धत सांगतो की केवळ वाचायचा मजकूर व वेळ, यावर मतभेद आहेत. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

गीगोची शिडी : चार पायऱ्यांची मांडणी ‘मठवासीयांची शिडी’ या छोट्या पत्ररूप लॅटिन ग्रंथात आढळते. फ्रान्समधील ग्रांद शार्त्रूझ या कार्थुसियन (एकांतवासी संन्यासीसंघाच्या) मठाचा नववा प्रमुख गीगो दुसरा याने तो जर्व्हेस नावाच्या बंधूला उद्देशून लिहिला. रचनेचा काळ बाराव्या शतकाचे तिसरे चतुर्थांश एवढाच मोघम देता येतो. गीगोचे मृत्युवर्षही कोणी ११८८, तर कोणी ११९३ देतात. ग्रंथ शतकानुशतके भलत्यांच्याच नावावर फिरत राहिला. काही हस्तलिखिते तो ऑगस्टिनचा म्हणतात, काही क्लेरव्होच्या बर्नार्डचा. एकोणिसाव्या शतकात मिन्य या फ्रेंच संपादकाने काढलेल्या, जुन्या ख्रिस्ती लेखकांच्या लॅटिन ग्रंथमालेत तर तो दोघांच्या खंडांत वेगवेगळा छापला गेला. १९७० मध्ये निघालेल्या चिकित्सक आवृत्तीनंतर गीगोचे कर्तृत्व सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. याच मठाचा पाचवा प्रमुख गीगो पहिला हा निराळा.

गीगोने उदाहरणाला घेतलेले वचन मत्तयच्या शुभवर्तमानातील (५:८) आहे : ‘जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील.’ वाचन हे वचन द्राक्षासारखे अख्खे तोंडात घालते. मनन ते चावू लागते. ‘शरीराने शुद्ध’ असे का म्हटले नाही? हात निर्मळ असून भागत नाही, मनही निर्मळ हवे, असे त्याला दिसते. मग परमेश्वराच्या डोंगरावर कोण चढेल असे विचारणारे चोविसावे स्तोत्र आठवते, डोळ्यांशी करार करणारा ईयोब आठवतो, ‘माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर’ ही विनवणी आठवते. एका वचनाने दुसरे उघडावे, अशी ही रीत आहे. मात्र मनन जितके खोल जाते तितकी ती शुद्धता आपल्या बळावर मिळणारी नाही हे उमगते, आणि तेथेच प्रार्थना सुरू होते. शेवटची गोडी, म्हणजे ध्यान, देवाने द्यायची असते. ती कमावता येत नाही.

या मांडणीत आचरणाची पायरी नाही. गीगोच्या आधी पॅरिसमधील सेंट व्हिक्टरचा ह्यू (मृत्यू ११४१) याने पाच अवस्था सांगितल्या होत्या आणि प्रार्थना व ध्यान यांच्यामध्ये कृती ठेवली होती. गीगोला ही यादी ठाऊक असावी, असे दिसते. एकांतवासी कार्थुसियनला कृतीची वेगळी पायरी का नको वाटली असेल, हे समजण्याजोगे आहे. पण संसारी ख्रिस्तीजनांच्या दृष्टीने ह्यूची यादीच अधिक पुरी म्हणावी लागेल.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : पुढे मध्ययुगीन विद्यापीठांत वाचनाला प्रश्न व वादविवाद जोडले गेले आणि अभ्यास व प्रार्थना यांची फारकत होत गेली. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’ (पोपची मान्यता १५४८) प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे उभा करण्यास शिकवतात. ती जवळची, पण वेगळी वाट होय. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १५६४ च्या निषिद्धग्रंथसूचीच्या नियमांनी लोकभाषेतील बायबल वाचायला लेखी परवानगी आवश्यक केली. १७५७ मध्ये हे बंधन सैल झाले. या काळात ही प्रथा मुख्यतः मठांत टिकली.

विसाव्या शतकात पोप बारावे पायस यांच्या १९४३ च्या परिपत्रकाने बायबलच्या चिकित्सक अभ्यासाला मोकळीक दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘देई व्हर्बुम’ (१८ नोव्हेंबर १९६५) या दस्तऐवजाने सर्व श्रद्धावंतांना बायबल वाचण्याचा आग्रह केला. ‘शास्त्राविषयी अज्ञान म्हणजे ख्रिस्ताविषयी अज्ञान’ हे जेरोमचे वचन तेथे उद्धृत आहे. मिलानचे आर्चबिशप कार्लो मारिया मार्तिनी यांनी १९८० च्या दशकात कॅथीड्रलमध्ये तरुणांना या पद्धतीने वाचायला शिकवले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या ‘व्हर्बुम दोमिनी’ (२०१०) या उपदेशपत्राने चार पायऱ्या स्वीकारल्या, पण जीवन इतरांसाठी दान व्हावे अशा कृतीपर्यंत पोहोचल्याशिवाय वाचन पुरे होत नाही, असेही म्हटले. ह्यूची गाळलेली पायरी अशी परत आली, फक्त शेवटी.

आचरणातील अडचणी : वाचकाने उताऱ्याचा शब्दार्थ आधी समजून घ्यावा, अन्यथा सोयीचे तेच शास्त्राच्या तोंडी घातले जाते, हा इशारा पोप फ्रान्सिस यांच्या ‘एव्हांजेली गाऊदियुम’ या उपदेशपत्रात (२०१३, परिच्छेद १५२–१५३) आहे. वचन मला काय सांगते, माझ्या जीवनात काय बदलू पाहते, मला ते का खुपते किंवा मुळीच का भिडत नाही, असे प्रश्न तेथे सुचवले आहेत. वचन ऐकताच ते शेजाऱ्याला कसे लागू पडते याचा विचार करू लागणे, हा नेहमीचा मोह म्हणून नोंदवला आहे. क्षमेविषयीचा दाखला वाचून दुसऱ्याने आपली क्षमा कधी मागावी याचा हिशेब मांडणारे वाचन त्यातलेच.

सामुदायिक रूपांपैकी दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने प्रचलित केलेली सात टप्प्यांची पद्धत छोट्या ख्रिस्ती समूहांतून पसरली आहे. तिच्यात उतारा वाचल्यावर प्रत्येक जण भिडलेला शब्द वा वाक्यांश मोठ्याने म्हणतो, त्यानंतर काही मिनिटे शांतता पाळली जाते. एकमेकांच्या अनुभवावर चर्चा वा उपदेश करायचा नसतो. सहाव्या टप्प्यात मात्र समूहाने कोणते काम हाती घ्यायचे व ते कोणी, कधी करायचे हे ठरवावे लागते. सातवा टप्पा प्रार्थनेचा असतो.