वाळूतले तेल आणि गळालेली ओळ

‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ चिकाटीचा मंत्र म्हणून आपल्याला पाठ असते. तिचे मूळ भर्तृहरीच्या नीतिशतकात आहे आणि मराठी रूप सतराव्या शतकातल्या वामन पंडितांचे. त्यांच्या समश्लोकीत पुढे मृगजळाने तहान भागते, रानात हिंडताना सशाचे शिंगही सापडते आणि मग येते चौथी ओळ: ‘परंतू मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी’. वाळूचे तेल एकवेळ निघेल, हट्टी मूर्खाची समजूत पटणार नाही! कवी प्रयत्नाची थोरवी गातच नव्हता, तो वैतागला होता. आपण त्याचा वैताग वगळला आणि उरलेल्याचा सुविचार केला.

शहाण्या वाक्यांचा इतिहास बराचसा अशा कापाकापीचाच आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी सुमेरी लेखनशाळांतली मुले मातीच्या पाट्यांवर म्हणी गिरवत. म्हणजे सुट्या वाक्यांचा कित्ता तेव्हापासूनचा.

पाश्चात्त्य भाषांत अशा वाक्याला जो शब्द आहे, ‘ॲफोरिझम’, तो थेट वैद्यकातून आला. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ‘ॲफोरिझम्स’ या सूत्रसंग्रहाची सुरुवात अशी: आयुष्य थोडे, विद्या अफाट, संधी निसटती, अनुभव फसवा, निर्णय अवघड. इथली ‘विद्या’ म्हणजे वैद्यकी. लगेच पुढे वैद्याला बजावले आहे की तू एकट्याने नीट वागून भागत नाही, रोगी आणि भोवतालची माणसे यांचीही साथ लागते. पुढे लॅटिनमधून हिंडताना पहिल्या दोन तुकड्यांची अदलाबदल झाली, ‘विद्या’ची ‘कला’ झाली आणि रोगी गायब झाला. आता ते वाक्य चित्रकार-कवींच्या तोंडी शोभते.

पुब्लिलियस सायरसची गोष्ट तर आणखी विचित्र. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात गुलाम म्हणून रोमला आलेला हा माणूस हलकीफुलकी नाटके लिहू लागला. नाटके नष्ट झाली, त्यांतली सुमारे सातशे सुटी वाक्ये तेवढी उरली. ती शाळांत नीतिपाठ म्हणून घोकली गेली. पण मूळ प्रयोगात ती कुणाच्या तोंडी होती? सज्जनाच्या की लबाडाच्या? हे आता कळायला मार्ग नाही.

या ओघात उलटा पोहणारा माणूस म्हणजे डच विद्वान इरॅस्मस. त्याने १५०० मध्ये पॅरिसला ग्रीक-लॅटिन वचनांचा संग्रह छापला. त्यात ८१८ नोंदी होत्या. १५३६ पर्यंत त्या ४,१५१ झाल्या. प्रत्येक वचन कुठून आले, कोण कशासाठी वापरत असे, हे तो सांगत बसे. काही नोंदी फुगून चक्क निबंध झाल्या.

ला रोशफुकोने मात्र संदर्भाची भानगडच ठेवली नाही. हा फ्रेंच सरदार राजसत्तेविरुद्धच्या बंडात पडला, हरला. १६५२ च्या चकमकीत चेहऱ्याला गोळी लागून काही काळ त्याची दृष्टीही गेली. नंतर तो मादाम द साब्ले यांच्या बैठकीत रमला. तिथे वाक्ये घडवणे हाच खेळ होता: एकाने सुचवायचे, दुसऱ्याने तासायचे, पत्रांतून फिरवायचे. १६६५ ला पुस्तक निघाले. १६७८ च्या आवृत्तीत ५०४ सूत्रे आहेत. ‘दुसऱ्याचे दुःख सोसण्याइतके बळ आपल्या सर्वांपाशी असते’ हे त्यातलेच. याला आगापिछा लागत नाही, कारण ते सुटे राहण्यासाठीच घडवले आहे. तरी गंमत पाहा, आवृत्तीगणिक तो आपल्याच वाक्यांत ‘पुष्कळदा’, ‘बहुधा’ असे शब्द घालत गेला. उद्धृत करणारे पहिल्यांदा नेमके तेच गाळतात.

अर्थानंतर नावही गळते, आणि निनावी वाक्य एखाद्या मोठ्या नावाला जाऊन चिकटते. ‘सत्य पायांत जोडे चढवेपर्यंत खोटे अर्धे जग फिरून येते’ हे वाक्य मार्क ट्वेनचे म्हणून सर्रास दिले जाते. पण खोटे उडत जाते आणि सत्य मागून लंगडत येते, असे आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टने १७१० मध्येच लिहून ठेवले होते. ट्वेनचा जन्म १८३५ चा.