अभ्यासाची सवय २१ दिवसांत लागत नाही

‘सलग २१ दिवस करा, सवय लागलीच म्हणून समजा.’ स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांमध्ये हे वाक्य हमखास फिरतं. मग बाविसाव्या दिवशीही पुस्तक उघडायचा कंटाळा येतो आणि आपल्यात जिद्दच नाही असा निष्कर्ष निघतो. क्लास न लावता, घरी किंवा अभ्यासिकेत बसून स्वतःचं स्वतः शिकणाऱ्यांचं या आकड्यानं फार नुकसान केलं आहे.

हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याला रुळायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. सांगोवांगी त्यातला ‘किमान’ गळला, चेहराही गळला आणि २१ दिवस तेवढे राहिले.

प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं. २०१०च्या त्यांच्या शोधनिबंधात ९६ जण होते. प्रत्येकानं एक छोटी कृती निवडली आणि ती दिवसातल्या एका ठरावीक प्रसंगाला जोडली: दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणं, रात्रीच्या जेवणाआधी १५ मिनिटं पळणं, असं काही. ८४ दिवस ते रोज नोंदवत होते की कृती किती आपसूक झाली. ज्यांच्या नोंदींतून नीट आलेख काढता आला, त्यांना सवय मुरायला लागलेल्या काळाचा मध्यक आला ६६ दिवस, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. सगळ्यात लवकर १८, तर सगळ्यात उशिरा २५४ दिवस. हा शेवटचा आकडा अर्थात आलेख पुढे वाढवून काढलेला. व्यायामाला खाण्यापिण्यापेक्षा साधारण दीडपट वेळ लागला. अभ्यास यांपैकी कशापेक्षाही गुंतागुंतीचा, म्हणून त्यासाठी दोन-तीन महिने धरून चालणं शहाणपणाचं.

त्या आलेखाचा आकार मला आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो. सुरुवातीला तो झपाट्यानं चढतो, मग हळूहळू सपाट होत जातो. पहिल्या पंधरवड्यातली प्रत्येक बैठक नंतरच्या बैठकींपेक्षा जास्त काम करते. आणि मध्ये एखादा दिवस चुकला, तर आलेखाला जवळजवळ धक्काच लागत नाही.

चढतं काय, हे समजायला मेंदूत खोल शिरावं लागतं. तिथे बेसल गँग्लिया नावाचा चेतापेशींच्या पुंजक्यांचा समूह आहे आणि स्ट्रायटम हा त्याचाच एक भाग. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या मेंदूशास्त्रज्ञ ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना ‘टी’ आकाराच्या मार्गातून धावायला शिकवलं. डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे एक आवाज सांगे. बरोबर वळलं की खाऊ मिळे. सुरुवातीला उंदीर धावत असताना स्ट्रायटममधल्या पेशी वाटभर सक्रिय होत्या. सराव झाल्यावर ही सक्रियता वाटेच्या आरंभाला आणि शेवटाला गोळा झाली. सगळी धाव एका गाठोड्यात बांधली गेली होती आणि ते उघडण्यासाठी आरंभाची खूण पुरेशी होती. ही गाठ घट्ट होण्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा हात असतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं की डोपामिन सोडणाऱ्या पेशी आधी अनपेक्षित मिळालेल्या रसाला प्रतिसाद देतात, पण शिकणं झाल्यावर रसाच्या आधी येणाऱ्या खुणेलाच देतात. खुणेनंतर रस आला नाही, तर त्यांची सक्रियता नेहमीपेक्षाही खाली जाते. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला हा फरक म्हणजेच शिकण्याचा संकेत; तो कॉर्टेक्सकडून, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराकडून, स्ट्रायटमकडे येणारे जोड बळकट किंवा कमकुवत करतो. (‘डोपामिन डिटॉक्स’ करून दोन दिवसांत डोपामिन धुऊन निघतं, हा प्रचार निराधार आहे. ते सतत लागणारं रसायन आहे.)

खुणेची ताकद माणसांतही दिसते. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी सिनेमागृहात काहींना ताजे, तर काहींना आठवडाभर शिळे पॉपकॉर्न दिले. सिनेमा पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांनी शिळेही ताज्यांइतकेच खाल्ले. सभा भरवायच्या खोलीत मात्र तसं घडलं नाही. सिनेमागृहातच नेहमीचा सोडून दुसऱ्या हातानं खायला सांगितलं, तेव्हाही सवय तुटली.

अभ्यासाच्या बाबतीत यातून एक मर्यादाही कळते. आपसूक होऊ शकतं ते बसणं, वही उघडणं, पेन हातात घेणं. गणित सोडवणं कधीच आपसूक होणार नाही, त्याला प्रत्येक वेळी डोकं लागणारच. म्हणून सवय लावायची ती पहिल्या मिनिटाची.

त्यासाठी उत्तम हत्यार म्हणजे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी मांडलेला ‘अमुक झालं की तमुक करेन’ हा आराखडा. २००२च्या एका ब्रिटिश अभ्यासात विद्यार्थ्यांनी आठवड्यात एकदा तरी २० मिनिटं व्यायाम करायचा होता. नुसतं सांगितलेल्या गटात ३८ टक्के, व्यायामाचे फायदे पटवून दिलेल्या गटात ३५ टक्के, पण त्याशिवाय कधी आणि कुठे करणार हे लिहून दिलेल्या गटात ९१ टक्के लोकांनी तो केला. हा एकाच आठवड्याचा निकाल आहे, पण प्रेरणादायी व्याख्यानांवर पैसे घालवण्याआधी ३८ आणि ३५ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

वाक्य असं लिहा: ‘रात्री जेवून ताट धुऊन ठेवलं की खिडकीजवळच्या टेबलाशी बसून वही उघडेन आणि काल शिकलेलं न बघता दहा मिनिटं लिहीन.’ खूण घड्याळाची नको, घटनेची हवी. नऊ वाजले हे लक्षात ठेवावं लागतं, ताट मात्र हातातच असतं. ती दिवसातून एकदाच आणि न चुकता घडणारी असावी. ‘संध्याकाळी मोकळं झालं की’ ही खूण नव्हे, कारण मोकळं झाल्याचा क्षण कोणी ओळखू शकत नाही. वही आणि पेन जेवणाआधीच टेबलावर मांडून ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दहा मिनिटांनंतर पुढे दोन तास बसलात तर उत्तमच, पण ठरवायची ती दहाच. सुरुवातीलाच ‘ताट धुतलं की तीन तास’ असं ठरवलं, की थकलेल्या दिवशी सुटतं ते पहिलं मिनिटच. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका; कृती जड होते आणि तोही दिवस चुकतो.

न बघता लिहिण्यालाही कारण आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर ८१ टक्के आणि आठवून लिहिणारे ७५ टक्के सांगू शकले. आठवड्यानंतर तेच आकडे ४२ आणि ५६ झाले. शिक्षक नसताना ‘येतंय मला’ या भावनेवर विसंबलं, तर पुन्हा वाचणं नेहमी जिंकतं आणि परीक्षेत घात होतो.

ब्राह्ममुहूर्ताबद्दलही बोललं पाहिजे. पहाटे चारच्या घटकेत बुद्धी वाढवणारी कोणतीही शक्ती नाही. पहाटे अभ्यास होतो, कारण उठणं ही पक्की खूण असते, घर शांत असतं आणि व्यत्यय कमी असतात. ज्याची रात्रीची बैठक तेवढीच पक्की आहे, त्यानं झोप मोडून चारला उठू नये. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं. तीच कापली तर आठवण्याचंच नुकसान.

जागा बदलली की सवय ढिली पडते. विद्यापीठ बदललेल्या विद्यार्थ्यांवरचा वुड यांचा २००५चा अभ्यास हेच सांगतो: नव्या ठिकाणी परिस्थिती आधीसारखी राहिली, तिथे सवयी टिकल्या. म्हणून दिवाळीला गावी किंवा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाण्याआधीच नव्या घरातली खूण आणि बसायची जागा ठरवून वाक्य पुन्हा लिहून काढा. तीच वही सोबत न्या आणि पहिल्याच संध्याकाळी दहा मिनिटं बसा.