ट्रिगर हलका करण्याआधी हे वाचा
एअर रायफल आणि एअर पिस्तूल वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधून स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (तीन स्थितींतून नेम धरण्याच्या प्रकाराचं) कांस्य आणलं, तेव्हापासून कोल्हापूरच्या आमच्या कार्यशाळेत बारा-तेरा वर्षांची मुलं पालकांना घेऊन येतात. मागणी बहुतेक वेळा एकच असते: ट्रिगर जरा हलका करून द्या. काम पंधरा मिनिटांचं असतं, पण आधी आम्ही थोडी विचारपूस करतो. ती का करतो, हे या पत्रकात सांगितलं आहे.

ट्रिगर नेमका काय करतो

मॅच रायफलचा, म्हणजे स्पर्धेच्या रायफलचा, ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो थोडा मागे येतो आणि एका ठिकाणी अडतो. बोटाला तिथे भिंत लागल्यासारखी जाणवते. त्यावर आणखी थोडा दाब दिला की शॉट सुटतो. ट्रिगरचं वजन म्हणतात ते या दोन्ही दाबांची बेरीज. शॉट अडवून धरतो तो आतला एक छोटा पोलादी तुकडा, ज्याला सिअर म्हणतात. त्याची कड दुसऱ्या कडेवर किती अडकलेली आहे, त्यावर बंदुकीची सुरक्षितता ठरते.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. वजन कमी करायचं तर स्प्रिंगचा ताण कमी करायचा असतो. सिअरची पकड कमी केली तरीही ट्रिगर हलका लागतो, पण मग रायफल टेबलावर जरा आपटली तरी शॉट सुटू शकतो. स्वस्त रायफलींमध्ये ट्रिगरमागे एकच स्क्रू दिसतो आणि लोक त्याला वजनाचा स्क्रू समजतात. काही मॉडेलांत तो पकडीचा स्क्रू असतो. माहितीपुस्तिका हाताशी नसेल तर त्याला हात लावू नका.

किती वजन ठेवायचं

10 मीटर एअर रायफलमध्ये आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ट्रिगरच्या वजनाला खालची मर्यादा नाही. अनुभवी नेमबाज 100 ग्रॅमच्या आसपास ठेवतात. एअर पिस्तुलाला मात्र किमान 500 ग्रॅमची अट आहे. तपासताना पिस्तूल कॉक करून (शॉटसाठी तयार स्थितीत आणून) नळी सरळ उभी धरतात, ट्रिगरवर 500 ग्रॅमचं वजन टांगतात आणि ते जमिनीपासून अलगद उचलतात. वजन उचललं जाण्याआधी ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास. म्हणून आम्ही पिस्तूल कधीच नेमकं 500 वर लावून देत नाही. 515-520 वर ठेवतो, कारण प्रवासात आणि वापरात थोडा फरक पडतोच.

नवशिक्याला 100 ग्रॅमचा ट्रिगर देणं आम्हाला पटत नाही. ज्याचं बोट अजून भिंत ओळखत नाही, त्याचा शॉट पहिल्या टप्प्यातच निघून जातो आणि मूल दचकायला शिकतं. सुरुवातीला वजन जास्त ठेवा, भिंत स्पष्ट ठेवा. कमी कधी करायचं ते कोचना ठरवू द्या. गोळ्या डावीकडे जातात म्हणून ट्रिगर हलका करायला आलेल्यांची अडचण बऱ्याचदा दस्त्याच्या लांबीत किंवा बोट ट्रिगरवर कुठे टेकतं त्यात निघते. ट्रिगरचं पातं पुढेमागे सरकवलं की काम होतं.

घरी करायचंच असेल तर

फक्त उत्पादकाने पुस्तिकेत दाखवलेले बाहेरचे स्क्रू. ट्रिगरचा डबा उघडायचा नाही.

आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा. नळीतून आरपार सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी, घाला. हवेच्या सिलिंडरची रायफल असेल तर एक लक्षात ठेवा: सिलिंडर काढला तरी आत एखाद्या शॉटपुरती हवा उरलेली असू शकते. फ्लॅग घालण्याआधी ती सुरक्षित दिशेला सोडून टाका. छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. हे जास्तच वाटेल, पण ट्रिगर लावताना माणूस तो पंचवीस वेळा ओढतो आणि लक्ष स्क्रूवर असतं.

हात लावण्याआधी आत्ताचं वजन मोजा. ट्रिगरचं वजन मोजायचं गेज नसेल तरी जमतं. दोऱ्याला छोटी प्लास्टिकची बाटली बांधा, ड्राय फायरच्या (छर्ऱ्याशिवाय ट्रिगर ओढायच्या) स्थितीत कॉक केलेल्या रिकाम्या रायफलची नळी सरळ वर धरा, दोरा ट्रिगरच्या मधोमध अडकवा आणि बाटलीत थोडं थोडं पाणी ओता. ट्रिगर सुटला की बाटली दोऱ्यासकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. तीनदा मोजा. तिन्ही आकड्यांत मोठा फरक आला तर वजन बदलू नका. आत घाण आहे किंवा झीज आहे, रायफल आमच्याकडे आणा.

मग स्क्रूच्या डोक्यावर आणि बाजूला नखपॉलिशचा एकेक ठिपका द्या, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. एलन की मापाची घ्या. एका वेळी पाव फेरा, त्यानंतर पुन्हा मोजणी. दोन स्क्रू एकदम फिरवलेत तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. भिंत जाणवेनाशी झाली की तिथेच थांबा आणि पाव फेरा मागे या.

स्क्रू ढिला राहू नये म्हणून डिंक, फेव्हिक्विक वगैरे आत सोडू नका. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने एप्रिल 2014 मध्ये मॉडेल 700 आणि मॉडेल सेव्हन या शिकारी रायफली परत मागवल्या. कारण होतं जुळणीच्या वेळी ट्रिगरमध्ये जास्त लागलेला चिकटद्राव. त्यामुळे ट्रिगर न ओढता गोळी सुटण्याची शक्यता होती. एवढ्या मोठ्या कारखान्यात हे झालं, तर घरच्या टेबलावरची काय कथा.

तेलाचंही तेच. ट्रिगरमध्ये फवारलेलं तेल धूळ धरतं, आणि पावसाळ्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी या चिकट्याच्या असतात.

नळी मोडून भरायच्या रायफली

नळी बिजागरीवर खाली वाकवून, म्हणजे मोडून, भरायची ही स्प्रिंगची रायफल. तिच्यावर वर सांगितलेली मोजणी किंवा स्क्रूचं काम करू नका. ही रायफल छर्ऱ्याशिवाय उडवली की पिस्टनच्या सीलला मार बसतो, म्हणून बाटलीची मोजणी तिच्यावर चालत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, नळी खाली मोडलेली असताना सिअर निसटला तर नळी झटक्यात वर येते आणि बोटं मधे सापडतात. छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची सवय लावा, ट्रिगर कितीही नवा असो.

सिअर घासून गुळगुळीत करून द्या, असं सांगत काहीजण व्हिडिओ घेऊन येतात. ते पोलाद पाणी देऊन वरून कडक केलेलं असतं. वरचा कडक थर कानशीने गेला की आतलं मऊ धातू महिन्याभरात झिजतं. आम्ही तो भाग बदलतो, घासत नाही.

आम्ही काय करत नाही

परवान्याच्या बंदुका आणि शिकारी रायफली आम्ही घेत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक असेल, तर तिच्या दुरुस्तीसाठी शस्त्र कायदा 1959 प्रमाणे वेगळा परवाना लागतो, तो आमच्याकडे नाही. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडेच जा.

रायफल आणताना

बंद पिशवीत, रिकामी, फ्लॅग घालून आणा. खरेदीची पावती, ओळखपत्र आणि असेल तर माहितीपुस्तिका सोबत ठेवा. ज्याची रायफल आहे तो नेमबाज स्वतः यावा, नेहमीचं जॅकेट आणि हातमोजा घेऊन, कारण हातमोज्यासह पकड बदलते. काम झाल्यावर दोन्ही टप्प्यांचं वजन आणि प्रत्येक स्क्रूचे फेरे लिहिलेला कागद देतो. तो पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा मोजण्यात वेळ जाणार नाही.