दिंडोरी रोडवरचं विद्यापीठ आणि नाशिक शहर: एक पार्श्वभूमी

पंचवटीतून दिंडोरी नाका ओलांडून म्हसरूळकडे निघालं की आधी 'मेरी' ही संशोधन संस्था लागते, मग महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजेच आरोग्य विद्यापीठ. सकाळच्या बसमध्ये हातात फाईल घेतलेली, नाशिक नवखं असलेली मुलं-मुली दिसतात. कुणी नांदेडचं, कुणी चंद्रपूरचं. गुणपत्रिकेतली दुरुस्ती, पदवीचं प्रमाणपत्र, स्थलांतर दाखला, असं काही ना काही काम असतं. अभिमत विद्यापीठं वगळली तर महाराष्ट्रात एमबीबीएस, बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग किंवा फिजिओथेरपी शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या पदवीवर या म्हसरूळच्या विद्यापीठाची मोहर असते. आणि तरीही २०२४ पर्यंत नाशिकमध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं.

हे असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. नाशिकला मोठी विद्यापीठं मिळाली, पण ती राज्यासाठी मिळाली. शहराच्या वाट्याला त्यांचं मुख्यालय आलं. वर्ग आणि प्रयोगशाळा फार उशिरा आल्या.

सुरुवात महाविद्यालयांपासून आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने १९१८ मध्ये प्राचार्य त्र्यं. अ. कुलकर्णी यांनी गोखले एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९२४ मध्ये नाशिकला कॉलेज सुरू केलं. तेच पुढे एचपीटी झालं. त्याआधी इथल्या मुलाला मॅट्रिकनंतर पुणं किंवा मुंबई गाठावी लागे, म्हणजे ज्याच्या घरी तेवढी ऐपत असेल त्यानेच. कुसुमाग्रज इथलेच विद्यार्थी. वसंत कानेटकर पुढे याच कॉलेजात शिकवत होते. दुसरा धागा शेतकऱ्यांच्या घरातला. १९१४ च्या उदोजी मराठा बोर्डिंगपासून वाढत गेलेली मराठा विद्या प्रसारक संस्था, आपण सगळे जिला 'मविप्र' म्हणतो. आधी राहायची-जेवायची सोय, मग शाळा, मग कॉलेज, हा तिचा क्रम. गावातून आलेल्या मुलाला वर्गाइतकीच खानावळ महत्त्वाची असते हे त्या मंडळींनी ओळखलं होतं. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

ही कॉलेजं आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि नाशिक तिकडे गेलं. तेव्हा त्या विद्यापीठाचं क्षेत्र खानदेशापासून कोल्हापूरपर्यंत होतं. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं आणि दक्षिणेचा भाग सुटला. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, तेव्हा जळगाव आणि धुळे सुटले. नाशिक, नगर आणि पुणे हे तीन जिल्हे मात्र एकत्रच राहिले. त्यामुळे एम.एससी. झालेल्या नाशिकच्या मुलीला मोठी प्रयोगशाळा, मोठं ग्रंथालय किंवा मार्गदर्शक हवा असेल, तर दोनशे किलोमीटरवरचं पुणं हेच उत्तर होतं. बरीच मुलं गेली आणि तिकडेच राहिली.

मुक्त विद्यापीठाची गोष्ट वेगळी आहे. १९८२ मध्ये आंध्रात मुक्त विद्यापीठ आणि १९८५ मध्ये दिल्लीत इग्नू सुरू झाल्यावर महाराष्ट्रानेही आपलं मुक्त विद्यापीठ करायचं ठरवलं. १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि गंगापूर धरणाच्या बाजूला, गोवर्धन शिवारात त्याचं आवार उभं राहिलं. नावाचं नाशिकशी जुनं नातं होतं. चीन युद्धाच्या वेळी चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, त्यानंतर १९६३ मध्ये नाशिकनेच त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं होतं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू. पुण्याच्या विद्यापीठाचा कारभार पाहिलेल्या माणसाने नाशिकला येऊन विद्यापीठाची भिंतच काढून टाकायची, हे काम सोपं नव्हतं.

'ज्ञानगंगा घरोघरी' हे विद्यापीठाचं ब्रीद. बारावी न झालेल्या माणसालाही पूर्वतयारी परीक्षा देऊन पदवीची वाट मोकळी झाली. अभ्यासक्रमाऐवजी 'शिक्षणक्रम', रविवारची संपर्कसत्रं, गावातल्याच कॉलेजातलं अभ्यासकेंद्र, घरी बसून वाचता येईल अशा मराठीत लिहिलेली पुस्तकं. हे शब्द आज एसटीतल्या वाहकापासून अंगणवाडीतल्या ताईपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहेत. या विद्यापीठाचं खरं संशोधन मला या पुस्तकांत दिसतं. समोर शिक्षक नाही, वाचणारा दिवसभर राबून आलाय, अशा वेळी एक परिच्छेद कसा लिहावा, हा काही हलका प्रश्न नाही. शहराशी विद्यापीठाचा थेट संबंध दोन ठिकाणी येतो. एक, आवारातलं कृषी विज्ञान केंद्र, जिथे जिल्ह्यातले शेतकरी प्रशिक्षणाला येतात. दुसरा, कुसुमाग्रज अध्यासन आणि त्याचे 'विशाखा' काव्यपुरस्कार. बाकी विद्यार्थी राज्यभर विखुरलेले. लाखोंची नोंदणी असलेल्या या विद्यापीठाच्या आवारात कॉलेजसारखी गर्दी दिसत नाही, ती त्यामुळेच.

आता आरोग्य विद्यापीठ. १९९८ पर्यंत महाराष्ट्रातली मेडिकल कॉलेजं आपापल्या भागातल्या विद्यापीठांना जोडलेली होती. मुंबईचं मुंबईला, नागपूरचं नागपूरला. अभ्यासक्रम, परीक्षेच्या तारखा, निकाल सगळ्यांचे वेगवेगळे. एका विद्यापीठाचा निकाल लागून मुलं इंटर्नशिपला लागलेली आणि दुसरीकडे परीक्षाच व्हायची बाकी, अशा स्थितीत पदव्युत्तर प्रवेश एकाच वेळी करायचे कसे? शिवाय कला-विज्ञान-वाणिज्याच्या गर्दीत वैद्यकीय विद्याशाखा कोपऱ्यात पडायची. आंध्र, तामिळनाडू आणि कर्नाटकाने आरोग्यशास्त्रांची स्वतंत्र विद्यापीठं आधीच काढली होती. महाराष्ट्राने जून १९९८ मध्ये काढलं आणि ते नाशिकला दिलं. त्या वेळचे आरोग्यमंत्री डॉ. दौलतराव आहेर नाशिक जिल्ह्यातले, स्वतः डॉक्टर. नाशिककर याचं श्रेय आजही त्यांना देतात. पहिले कुलगुरू डॉ. दयानंद डोणगावकर.

नव्या विद्यापीठाने एक मोठी गोष्ट केली: ॲलोपॅथी, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा सगळ्या शाखा एका छताखाली आणल्या. राज्यभरातल्या शेकडो कॉलेजांना एक वेळापत्रक मिळालं. पण जे विद्यापीठ परीक्षा घेण्यासाठी आणि संलग्नता देण्यासाठी जन्माला येतं, त्याची बहुतेक ताकद त्यातच खर्च होते. प्रश्नपत्रिका, केंद्रं, तपासणी, पुनर्मूल्यांकन, कॉलेजांची स्थानिक चौकशी समिती... वर्ष कधी संपतं कळत नाही. विद्यापीठाने शिक्षकांना शिकवण्याचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, फेलोशिप अभ्यासक्रम काढले, पीएच.डी. सुरू केली. हे महत्त्वाचंच होतं. पण रुग्ण, विद्यार्थी आणि संशोधक एकाच आवारात असले की जे घडतं, ते म्हसरूळला घडायला जागाच नव्हती.

शहरात दवाखाने नव्हते असंही नाही. त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल होतं, शालिमारजवळचं संदर्भ सेवा रुग्णालय होतं. आडगावला मविप्रचं मेडिकल कॉलेज १९९० पासून होतं, गणेशवाडीत आयुर्वेद महाविद्यालय होतं. पण सरकारी फीमध्ये डॉक्टर व्हायचं तर जिल्ह्यातल्या मुलाने बाहेर जायचं. सगळ्यात जवळचं सरकारी मेडिकल कॉलेज धुळ्याचं, आणि त्याला नाव आहे मालेगावच्या भाऊसाहेब हिरे यांचं. नाव आपल्या जिल्ह्यातलं, कॉलेज शेजारच्या जिल्ह्यात.

मग नाशिकमध्ये संशोधन झालंच नाही का? भरपूर झालं, पण ते विद्यापीठाच्या फाटकाबाहेर, शेतात आणि धरणांवर झालं. निफाडजवळ कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्रात गव्हाच्या तांबेऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या लढाई चालू आहे. तिथून निघालेल्या वाणांची नावं वाचा: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी. सगळी गोदाकाठची. हे केंद्र राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं, म्हणजे मुख्यालय पुन्हा बाहेरच. निफाडचाच एन-२-४-१ हा रब्बी कांदा साठवणुकीच्या चाळींमध्ये टिकून राहणारा म्हणून शेतकऱ्यांनी कितीतरी वर्षं जपला. १९७७ मध्ये नाफेडच्या पुढाकाराने राष्ट्रीय बागवानी संशोधन प्रतिष्ठान सुरू झालं, त्याचं काम नाशिकमध्ये वाढलं, आणि ॲग्रीफाउंड डार्क रेड, ॲग्रीफाउंड लाइट रेड हे कांद्याचे वाण तिथून आले. लासलगावच्या बाजारात ट्रॉली रिकामी करणाऱ्याला हे शब्द पाठ असतात.

आणि 'मेरी'. बसचा थांबा, कॉलनी, भाजीबाजार अशा सगळ्याला हे नाव चिकटलंय, पण ते महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव आहे हे बऱ्याच प्रवाशांच्या ध्यानीही नसतं. १९५९ पासून राज्यातल्या धरणांची माती, काँक्रीट, सांडव्यांच्या प्रतिकृती इथे तपासल्या जातात. कोयनेच्या भूकंपानंतर धरणांजवळच्या भूकंपनोंदींचं कामही महत्त्वाचं ठरलं. धरण साताऱ्यात असो की विदर्भात, त्याचा नमुना दिंडोरी रोडला येतो.

गेल्या काही वर्षांत चित्र हललं आहे. २०२१ मध्ये लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्याच वर्षी विद्यापीठाशी जोडलेलं वैद्यकीय महाविद्यालय आणि पदव्युत्तर संस्था नाशिकला करण्याचा सरकारी निर्णय झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं एकत्र उद्घाटन झालं, त्यात नाशिक होतं. पुणे विद्यापीठाचं उपकेंद्रही दिंडोरी तालुक्यात शिवनईला आकार घेतं आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या आदिवासी तालुक्यांतल्या मुलांना पदव्युत्तर शिक्षण पुण्यापेक्षा जवळ मिळण्याची ही पहिली खरी शक्यता आहे. कुपोषण, सिकलसेल, सर्पदंश हे याच तालुक्यांचे प्रश्न आहेत, आणि राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालयही नाशिकमध्येच आहे. इतकं सगळं एका शहरात असताना ते एकमेकांशी बोलत नसेल, तर मला ते पटत नाही.

२०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थाची स्नानं आहेत. मागच्या, २०१५ च्या सिंहस्थाआधी नाशिकचेच असलेले अमेरिकेतल्या एमआयटीचे रमेश रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कुंभथॉन' भरवून गर्दी, साथरोग आणि राहण्याच्या सोयी यांवर तरुणांना कामाला लावलं होतं. २०२७ मध्ये शहराकडे त्याहून जवळची माणसं असतील. २०२४ मध्ये दाखल झालेली सरकारी कॉलेजची पहिली तुकडी तेव्हा तिसऱ्या वर्षाला असेल. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला कम्युनिटी मेडिसिन हा विषय असतो: पाणी, गर्दी, साथी, शौचालयं, लसीकरण. रामकुंड त्या मुलांपासून बसने जाण्याच्या अंतरावर आहे.